तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि स्पिटफायर

तान्हा पोळा सुरू होता आणि गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. हिरवळीवर उभं असलेलं जुनं लढाऊ विमान, अंगावर हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे, बाजूला निळा-लाल गोल, आत एक माणूस बसलेला आणि दुसरा शेपटीला हात लावून उभा. खाली मजकूर: 'दुसऱ्या महायुद्धातलं असली विमान'. दहा मिनिटांत दोन तट पडले. एकानं लिहिलं, खेळणं आहे, रिमोटचं. दुसऱ्यानं लिहिलं, "एवढं मोठं खेळणं कोनी करते का बाप्पा!" शेवटी विषय माझ्याकडे आला, कारण शाळेच्या कपाटात मी जोडलेली आठ-दहा छोटी विमानं आहेत हे गावाला ठाऊक आहे. सातवीतला एक पोरगा फोन घेऊन घरीच आला. "सर, हे इमान खरं व्हय का खोटं?"

मी त्याला म्हटलं, फोटो बघू, पण आधी प्रश्न नीट करू. 'खरं की खोटं' असं विचारलं की दोनच कप्पे हातात राहतात, आणि जुन्या लढाऊ विमानासारखी दिसणारी निम्मी विमानं या दोन्ही कप्प्यांत बसत नाहीत.

अडचण थोडी आपल्या भाषेचीही आहे. कपाटातल्या वीतभर विमानाला आपण प्रतिकृती म्हणतो, आणि संग्रहालयाच्या दारात उभ्या केलेल्या, अकरा मीटर पंखांच्या विमानालाही प्रतिकृतीच म्हणतो. नवरात्रात एखादं मंडळ देवळाचा देखावा उभा करतं, तीही प्रतिकृती. 'पूर्णाकृती' शब्द वापरून बघितला, पण आपल्याकडे पूर्णाकृती पुतळा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पुतळा. तो बारा फुटांचाही असतो. म्हणून वर्गात मी दोन साधे शब्द ठरवून दिलेत. सगळी मापं एकाच हिशेबानं लहान केलेलं ते 'मापाचं मॉडेल', आणि मूळ विमानाएवढंच, पण नंतर कुणीतरी नव्यानं बनवलेलं, ती 'मूळ मापाची प्रतिकृती'.

पोळ्याच्या दिवशी कोठ्यातला बैल सजतो. दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकांवरचा लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर बोजारा मागायला निघतात. तो नंदी म्हणजे लहान केलेला बैल. आता एखाद्या सुतारानं कोठ्यातल्या बैलाच्या उंचीचाच लाकडी बैल घडवला, तर मोठा झाला म्हणून तो तिफण ओढेल का? नाही. पण 'खेळणं' म्हणून त्याला हातात धरताही येणार नाही. मोठेपणा ही एक गोष्ट झाली, कशाचा बनला ही दुसरी, आणि काम करतो की नाही ही तिसरी. विमान समोर आलं की हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. घोळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यानं.

मापापासून सुरू करू. मॉडेलच्या खोक्यावर १:७२, १:४८, १:३२ असे आकडे असतात. १:७२ म्हणजे मूळ विमानाचे ७२ सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर. हा विचित्र आकडा कुठून आला? फूट-इंचातून. सहा फुटांत ७२ इंच असतात, म्हणजे सहा फुटी माणूस मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये एक फुटाचा पाव इंच होतो. इंग्रजी मापात काम करणाऱ्यांना हे हिशेब सोपे जायचे, तेच टिकले. फोटोतलं विमान दिसायला स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं लढाऊ विमान. त्याच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. तो १:७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १:४८ मध्ये सव्वातेवीस-साडेतेवीस आणि १:३२ मध्ये ३५ सेंटिमीटर.

या मापामागे एक शाळेची गोष्टही आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळांतल्या मुलांना विमानांची पाच लाख मॉडेलं बनवायला सांगितली. माप १:७२, लाकूड कोरून, काळा रंग देऊन. ती खेळायला नव्हती. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना आकारावरून झटकन ओळखता यावं म्हणून होती. १:७२ चं मॉडेल दहा मीटरवर धरलं की ते ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. म्हणजे खरं विमान ओळखायला शिकवण्यासाठी मॉडेल वापरलं गेलं. आज आपल्याला उलटं करायचं आहे.

मग फोटोत फसगत कशी होते? डोळ्याला आकार कळतो, माप कळत नाही. आभाळ मागे धरून जवळून काढलेला वीतभर स्पिटफायरचा फोटो आणि दुरून काढलेला खऱ्या स्पिटफायरचा फोटो, दोन्हींची रेषा एकच. म्हणून विमानाकडे बघत बसू नका. जे लहान करता येत नाही तिकडे बघा.

काय काय लहान करता येत नाही? माती. गवताची पात. पाण्याचा थेंब. कापडाची वीण. रंगाचा थर. माणसाचं बोट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन आणि वारा. यातलं मातीचं आमच्या पोरांना लगेच कळतं. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडलेली भेग विमानाच्या चाकाहून रुंद दिसत असेल, किंवा ढेकूळ चाकाएवढं असेल, तर चाक लहान आहे. हिरवळीवर विमान उभं असेल आणि गवताची पाती चाकाच्या अर्ध्यापर्यंत येत असतील, तर एक तर ते रान माजलं आहे किंवा ते चाक कपबशीएवढं आहे.

जाडीचं सूत्र याहून पक्कं. प्लॅस्टिकचा पत्रा ठरावीक मर्यादेहून पातळ ओतता येत नाही. १:७२ च्या मॉडेलमध्ये पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर असेल, तर खऱ्या मापात ती ३६ मिलिमीटर होते. खऱ्या विमानाची ती कड धारदार असते. तसंच वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचं. मॉडेलमध्ये ते एक मिलिमीटर जाड असलं तर खऱ्यात ७२ मिलिमीटरची, जवळजवळ तीन इंची भिंत झाली. फोटो मोठा करून झाकणाची कड बघा. जाड, गोलसर, आत बघताना वस्तू वाकवणारी दिसली तर मॉडेल. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटांचंही तेच. खऱ्या स्पिटफायरवर हजारो रिव्हेट असतात आणि दहा पावलांवरून त्यांतले बरेचसे दिसत नाहीत. ज्या विमानावर प्रत्येक रिव्हेट आणि पत्र्याचा प्रत्येक सांधा आखल्यासारखा उठून दिसतो, तिथे बहुतेक वेळा कुण्या हौशी कारागिरानं रात्री जागून सांध्यांत काळा रंग भरलेला असतो. मीही भरतो. कपाटात ते छान दिसतं, पण खरं विमान तसं नसतं.

पूर्वी आणखी एक खूण हमखास सांगायचे: जवळून काढलेल्या छोट्या वस्तूच्या फोटोत नाक स्पष्ट येतं आणि शेपूट धूसर. तत्त्व बरोबर आहे, पण मोबाइलच्या बारक्या कॅमेऱ्यात आता बरंच काही स्पष्ट येतं आणि धूसरपणा नंतर मुद्दाम घालताही येतो. या एका खुणेवर निकाल देऊ नका.

वजनावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण सगळं कोडं तिथेच सुटतं. नंदी बैलाच्या निम्म्या उंचीचा केला तर लांबी निम्मी, रुंदी निम्मी, उंची निम्मी. तीनदा निम्मं. म्हणजे त्याच मालाचा बनवला तर वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. पाव मापाचं केलं तर चौसष्टावा हिस्सा. लढाईला निघालेला स्पिटफायर सुमारे तीन टनांचा, आपल्या दीड ट्रॅक्टरएवढा. त्याचं पाव मापाचं, पावणेतीन मीटर पंखांचं मॉडेल हिशेबानं ४७ किलोचं होतं, आणि करणारा ते त्याहूनही हलकं करायला धडपडतो.

हे वजन फोटोत दिसतं. कुठे? टायरमध्ये. तीन टन अंगावर घेतलेला टायर खाली दबतो, बाजूला फुगतो, पायातला दांडा थोडा आत गेलेला असतो. भरलेल्या बंडीत बसलेला माणूस आणि रिकाम्या बंडीतला माणूस यांना रस्त्यावरचा खड्डा वेगळा कळतो, तसंच हे. मॉडेलचा टायर बांगडीसारखा पूर्ण गोल राहतो. जाणकार मॉडेलवाले टायरचा खालचा भाग मुद्दाम घासून चपटा करतात, म्हणून हीही एकटी खूण पुरेशी नाही. पण टायर गोल आणि वर तो मातीवर टेकलेला असूनही मातीत जराही रुतलेला नाही, असं दिसलं की मला दुसरं काही बघावं लागत नाही.

विमान हलत असेल, व्हिडिओ असेल, तर काम याहून सोपं. चार मीटरवरून दगड सोडला तर खाली यायला ०.९ सेकंद लागतात. एक मीटरवरून सोडला तर ०.४५. उंची पाव झाली, वेळ मात्र निम्माच झाला. पृथ्वीची ओढ कुणासाठी लहान होत नाही. म्हणून पाव मापाचं विमान उतरताना जो हिसका खातं, वाऱ्यानं जी गिरकी घेतं, ती मोठ्या विमानाच्या निम्म्या वेळात उरकते. डोळ्याला ते लगेच फडफडल्यासारखं, घाईत असल्यासारखं वाटतं. घार आणि वेडा राघू एकाच आभाळात उडतात, पण पंख न मोजताही आपण सांगतो की मोठा कोण. सिनेमावाले छोट्या मॉडेलचं चित्रण जास्त वेगानं करून नंतर सावकाश दाखवतात ते याचसाठी. पाव मापाला दुप्पट वेग. तेवढं केलं की मॉडेलही भारदस्त चालीनं उडतं. म्हणजे सिनेमातला तुकडा ग्रुपवर आला तर ही खूण कामाची नाही, हेही ध्यानात ठेवा.

आवाजाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर आणि २७ लिटरचं पोट. आपल्या शेतातल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचं इंजिन दोन ते तीन लिटरचं. मर्लिन मिनिटाला फार तर तीन हजार फेरे घेतं आणि पुढचा पंखा गिअरमुळे त्याच्या निम्म्याहूनही कमी फिरतो. आवाज खोल, छातीत घुमणारा. मॉडेलचं छोटं दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतं आणि गांधीलमाशीसारखं किरकिरतं. बॅटरीवरचं असेल तर नुसता पंख्याचा सूंसूं.

आणि वास! हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांना असं इंजिन होतं की त्याचा मधला दांडा विमानाला पक्का बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरायचे. त्यात वंगण म्हणून एरंडीचं तेल वापरायचे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. धुऱ्यावर लावतो त्याच एरंडीचं. ते तेल जळत बाहेर उडायचं आणि वैमानिकाच्या तोंडावर बसायचं. आज रिमोटवर उडणाऱ्या मॉडेलांच्या अनेक छोट्या इंजिनांच्या इंधनातही मिथेनॉलसोबत एरंडेल असतं. शंभर वर्षांपूर्वीचं खरं विमान आणि आजचं हातात मावणारं मॉडेल, दोघांचा धूर नाकाला सारखाच लागतो. नाकावर भरवसा ठेवला तर इथे हमखास चूक होईल.

इथवर मापाच्या मॉडेलचं झालं. आता दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे मूळ मापाच्या प्रतिकृतीकडे. इथे गवत, टायर, जाडी या खुणा बहुतेक संपतात, कारण वस्तू खरोखरच तेवढी मोठी आहे.

यातली सगळ्यात साधी जात म्हणजे कधीच न उडणारी. ब्रिटनच्या हवाई दलाच्या तळांवर दाराशी वर्षानुवर्षं खरे स्पिटफायर आणि त्याच काळातले हरिकेन उभे होते. ऊन-पावसानं ते कुजायला लागले, आणि दुरुस्त केले तर ते पुन्हा उडू शकतील हेही लक्षात आलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांतले बरेच काढून घेतले आणि जागेवर फायबरग्लासचे उभे केले. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळत नाही. जवळ गेल्यावर कळतो. खऱ्या विमानाचा पत्रा कधीच आरशासारखा सपाट नसतो. रिव्हेटांच्या रांगांमध्ये तो किंचित फुगलेला, किंचित खोल गेलेला असतो, जुन्या पिंपाच्या पत्र्यासारखा. तिरप्या उन्हात ती लाट दिसते. फायबरग्लास एकसंध गुळगुळीत असतो, पाण्याच्या टाकीसारखा. खऱ्या हरिकेनचा मागचा अर्धा भाग तर पत्र्याचा नव्हताच. धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड. तिथे बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो.

आणि तेल बघा. चालणारं जुनं इंजिन ठिबकतं, न ठिबकणारं दाखवा. अशा विमानाच्या नाकाखाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला असतो, पोटावर मागे ओढलेले काळे डाग असतात. फायबरग्लासच्या विमानाखाली जमीन कोरडी असते. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात गेलात, तर तिथे स्पिटफायर, हरिकेन, वापिती अशी जुनी विमानं आहेत. घाईत फोटो काढून बाहेर पडू नका. एकाच विमानाभोवती दहा मिनिटं हिंडा, कापड कुठे संपतं आणि पत्रा कुठे सुरू होतो ते शोधा.

मूळ मापाची पण उडणारी प्रतिकृती ही वेगळी आणि अवघड गोष्ट. जर्मनीचं मेसरश्मिट २६२ हे लढाईत उतरलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात त्याच्या पाच प्रतिकृती नव्यानं बांधल्या गेल्या. पहिली २००२ मध्ये उडाली. बाहेरून आकार तोच, पण मूळ जर्मन जेट इंजिनांचं आयुष्य काही तासांत मोजावं लागे, म्हणून आत आधुनिक अमेरिकी इंजिनं बसवली. गंमत अशी की त्यांना जुन्या उत्पादन-क्रमांकांच्या पुढचेच क्रमांक मिळाले. आता ती 'नक्कल' म्हणायची की त्याच रांगेतलं उशिरा जन्मलेलं भावंड? मला वाटतं प्रतिकृतीच म्हणावं, पण आदरानं. जर्मनीतही फॉकवुल्फ १९० ही युद्धातली लढाऊ विमानं नव्यानं बांधून विकली गेली. त्यांच्या नाकात मूळ जर्मन इंजिन नाही, चीनमध्ये बनलेलं, मूळ रशियन घडणीचं इंजिन आहे.

पहिल्या महायुद्धातलं तीन पंखांचं फोकर डीआर-१, लाल रंगाचं, तुम्ही चित्रात नक्की पाहिलं असेल. अशी ३२० विमानं बनली. आज त्यांतलं एकही मूळ विमान पूर्ण शिल्लक नाही. म्हणून हे लाल तिपाखी विमान उडताना कुठेही दिसलं, तरी डोळे मिटून सांगा की नंतर बांधलेलं आहे. त्यातही बारकावा आहे. बहुतेकांत आधुनिक इंजिन असतं, ज्याचे सिलिंडर जागेवर स्थिर राहतात. पंखा सुरू झाल्यावर सिलिंडरही सोबत फिरताना दिसले, तर बांधणाऱ्यानं जुन्या पद्धतीचं इंजिनही मिळवलं किंवा बनवलं. न्यूझीलंडमध्ये 'द व्हिंटेज एव्हिएटर' नावाच्या कारखान्यानं जुन्या आराखड्यांवरून त्या काळची विमानंच नाही, तर इंजिनंही नव्यानं घडवली. तिथे प्रतिकृती आणि मूळ यांत फरक उरतो तो जन्मतारखेचाच.

मग 'मूळ' म्हणजे काय? आमच्या आजोबांची बंडी अजून अंगणात आहे. चाकं दोनदा बदलली, धाव बदलली, जू नवं केलं, साटी तर वडिलांनीच बाभळीची बसवली. जुना राहिला तो आख. तरी घरात कुणी ती नवी बंडी म्हणत नाही. जुन्या विमानांच्या जगात हाच वाद चालतो. दलदलीतून, समुद्रातून, जंगलातून गंजलेले अवशेष काढतात, त्यातला वापरता येईल तेवढा भाग घेतात, बाकी नवं घडवतात, आणि मूळ विमानाच्या क्रमांकाची पट्टी लावून तेच विमान म्हणून नोंदवतात. कुठे निम्मं जुनं असतं, कुठे मूठभर. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, कागदपत्रं बघावी लागतात. कुणी छातीठोकपणे 'शंभर टक्के मूळ' म्हणालं तर त्याला विचारा, कोणता भाग कधी बदलला? खरा जाणकार या प्रश्नानं चिडत नाही, खूश होतो.

लाकडी विमानांत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. ब्रिटनचं मॉस्किटो बॉम्बफेकी विमान लाकडाचं होतं. बर्चच्या पातळ प्लायवूडच्या दोन थरांत बाल्साचं हलकं लाकूड. हो, ज्या बाल्साची शाळेतली मॉडेलं कापतो तोच. म्हणजे 'हलक्या लाकडाचं आहे, म्हणजे मॉडेल' हाही नियम चालत नाही. ही विमानं युद्धात भारतात आली तेव्हा इथल्या उष्ण-दमट हवेत लाकडाचे आणि डिंकाचे सांधे दगा द्यायला लागले, आणि १९४४च्या शेवटी ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. सागाचं लाकूडही पहिल्या पावसात कसं फुगतं हे ज्यानं बघितलंय, त्याला याचं नवल वाटणार नाही. लाकूड आणि डिंक टिकत नाही म्हणून आज मॉस्किटो उडवायचं तर सांगाडा नवाच करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये नवं लाकडी शरीर घडवून असं एक विमान २०१२ मध्ये पुन्हा उडवलं. त्याला प्रतिकृती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उलट बाजूचीही फसगत सांगतो. लहान दिसतं म्हणून मॉडेल समजू नका. आपल्या हवाई दलाचं नॅट, ज्यानं १९६५च्या युद्धात नाव काढलं, त्याच्या पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर. स्पिटफायरपेक्षा साडेचार मीटरनं कमी, आणि तरी ते जेट. त्याच्याशेजारी उभं राहिलं की कुणीतरी लहान करून ठेवलंय असंच वाटतं. ते पूर्ण मापाचं आहे.

आता राहिली मधली जात, आणि सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरून होतात. माणूस आत बसून उडवतो, म्हणजे खेळणं नाही. पण मूळ मापाचीही नाही. ७५ टक्के मापाची मस्टँग (युद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान) मिळते, ८० आणि ९० टक्के मापाचा स्पिटफायर ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं सुट्या भागांच्या संचात विकला आहे. घरच्या शेडमध्ये जोडायचं, तपासणी करून घ्यायची आणि उडवायचं. मर्लिनऐवजी छोटं इंजिन चालतं, कारण पुन्हा तोच वजनाचा हिशेब: ८० टक्के माप म्हणजे ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, उत्तर ०.५१. नुसतं वीस टक्के लहान केलं आणि आकारमान निम्मं झालं!

फक्त एक वस्तू ८० टक्के करता येत नाही, आत बसणारा माणूस. त्याचं डोकं, खांदे पूर्ण मापाचे. म्हणून अशा विमानात बसायची जागा अनेकदा थोडी वाढवून घेतात, आणि तरी डोकं झाकणाला भिडल्यासारखं दिसतं. मोठ्या माणसानं लेकराच्या सायकलवर बसावं तसं.

इथे आमच्या फोटोकडे परत येतो. पोरगा आणि मी फोन बाजेवर ठेवून बसलो. गवत साधं, टायरच्या तळाशी चेपलेलं. टायर दबलेला. नाकाखाली ट्रे. शेपटीजवळ बारीक अक्षरांत नागरी नोंदणी. म्हणजे कपाटातलं नाही, रिमोटचं नाही, फायबरग्लासचा पुतळाही नाही, माणसासकट उडणारं आहे. ग्रुपवरचा पहिला तट हरला.

मग माप काढलं. विहीर किती खोल हे आपल्याकडे पुरुषात सांगतात, तसं विमान किती लांब हे माणसांत मोजायचं. फोटो बरोबर बाजूनं काढलेला होता आणि माणूस शेपटीलाच हात लावून, विमानाच्या रांगेत उभा होता. हे दोन्ही जुळलं तरच मोजायचं. विमान तिरपं असेल किंवा माणूस कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर उत्तर चुकतं. पोरानं वहीच्या कागदाची पट्टी फाडली, तिच्यावर माणसाची उंची खुणावली आणि नाकापासून शेपटीपर्यंत ती सरकवत नेली. चार माणसं आणि वर थोडं. ४.३ धरू. खरा स्पिटफायर ९.१२ मीटर लांब. ९.१२ ला ४.३ नं भागलं तर माणूस २.१२ मीटरचा निघतो, जवळपास सात फुटांचा. ८० टक्क्यांचा स्पिटफायर ७.३ मीटरचा. त्याला ४.३ नं भागलं तर १.७० मीटर, पाच फूट सात इंच. आतल्या माणसाचं डोकंही झाकणाला भिडलेलं होतं. दुसराही तट हरला. ते युद्धात गेलेलं विमान नाही. आपल्या काळात कुणीतरी जोडलेलं, ८० टक्के मापाचं, आत बसून उडवायचं विमान आहे. मी तसं ग्रुपवर लिहिलं, पट्टीचा फोटोही टाकला.

पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग पट्टी टाकून घरी गेला आणि दिवेलागणीला परत आला, एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात नंदी. कोठ्यातल्या बैलाला मोजून आला होता.

"सर, उंची एकास पाच भरते. लांबी बी एकास पाच." मग नंदीची शिंगं माझ्यासमोर धरली. "पन शिंगं एकास तीन भरते. हे मापाचं मॉडेल नाही नं मंग?"